कॉलेज सोडून सगळं पाहिलं

लोहारा,
ता. ११ फेब्रुवारी

आयु. राजपालराव यांना
प्रेमानंदचा सप्रेम जयभीम.

तुमचा खांदा कसा आहे? डावा हात वर जात नाही असं कळलं. उजवा जातो ना, मग फळ्यावर लिहायला तेवढा पुरे, पण शेक घेत चला. घरात सर्वांना जयभीम सांगा. इकडे आम्ही उभयता सुखरूप आहोत. (पत्रात असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमची बहीण सुखरूप आहे. माझं काय झालं ते पुढं वाचा.)

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला? तर फोन तुमच्या बहिणीच्या हातात असतो, आणि ती तो कायम स्पीकरवर लावते, का तर गल्लीलाही कळावं. मला जे सांगायचं आहे ते गल्लीनं तर नाहीच, पण तिनंही ऐकायला नको. पत्र पोस्टात मी स्वतः टाकणार आहे.

आपली श्रावस्ती फिलिपिन्सला डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला भेटायला आम्ही दहा दिवस जाऊन आलो, हे अख्ख्या लोहाऱ्याला ठाऊक आहे. (मी विमानात घाबरलो असं तुमच्या बहिणीनं सांगितलं असेल तर ते खोटं आहे. पट्टा सुटत नव्हता, एवढंच.) त्या प्रांताचं नाव इलोकोस सूर आणि गावाचं विगन. पोरगी घ्यायला आली, पाया पडली, आणि तिथंच तिनं माझ्या हातात एक यादी ठेवली. प्रांतातली वारसास्थळं, दहा दिवसांची, तारीखवार, वेळ घालून टाइप केलेली. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या बापाची लेक शोभते, असं मी तुमच्या बहिणीला म्हणालोसुद्धा. त्यावर ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पहिल्या दिवशी बांताय नावाच्या जागी टेकाडावरचा घंटेचा मनोरा चढलो. दुसऱ्या दिवशी जुन्या पेठेतली स्पॅनिश लोकांच्या काळातली घरं पाहिली, त्यांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या बसवल्यात. तिसऱ्या दिवशी रांजण करणाऱ्यांकडे गेलो. तिथं रेडा चिखल तुडवतो आणि माणसं रांजण घडवतात. (तेरच्या संग्रहालयातली जुनी मडकी पाहिलेल्या माणसाला रांजणाचं काय कौतुक, पण रेडा कामसू होता.) पोरगी पहिला दिवस आमच्याबरोबर आली, पुढं प्रॅक्टिकलं आहेत म्हणाली आणि आम्हाला एका म्हाताऱ्या टांगेवाल्याच्या ताब्यात दिलं. मी रोज संध्याकाळी विचारायचो, कॉलेज कधी दाखवतेस? एक दिवस तिथं परीक्षा होती, बाहेरच्यांना मनाई. एक दिवस गावात त्यांच्या संताची जत्रा, म्हणून सुट्टी. एक दिवस रंगकाम. मी म्हणालो, रंग बाहेरून बघू. तर म्हणाली, पप्पा, उद्या चर्च बघायचं आहे, लवकर झोपा.

चौथ्या दिवशी सांता मारिया या गावातलं डोंगरावरचं चर्च होतं. पायऱ्या पंच्याऐंशी. तुमची बहीण वर पोचून फोटो काढत होती आणि मी गुडघे धरून साठाव्या पायरीवर बसलो होतो. राजपालराव, त्या पायरीवर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. असा उजेड कोणत्याही बापाच्या डोक्यात पडू नये.

मी ज्या कचेरीत होतो तिचं नाव लिहीत नाही, पेन्शन तिथूनच येते. पण वरून दप्तर तपासणीला साहेब आले की त्यांना सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं हे तुम्ही जाणता. साहेबांना कपाटापर्यंत पोचूच द्यायचं नाही, ही त्यातली मेख. आल्याआल्या पोहे. मग, साहेब, आमच्या जिल्ह्यात पहिल्यांदाच आलात, नळदुर्ग बघितल्याशिवाय कसं चालेल? पाणीमहालाच्या पायऱ्या उतरवायच्या आणि चढवायच्या. जेवण. मग तेर. साहेब भाविक असले तर तुळजापूर (मी बाहेर चपला राखायचो), इतिहासवाले असले तर परंड्याचा किल्ला आणि तिथल्या तोफा. संध्याकाळी साहेब इतके दमलेले असायचे की समोर येईल त्या कागदावर सही. ज्या वर्षी कपाटात लपवण्यासारखं जास्त, त्या वर्षी साहेबांना वारसास्थळं जास्त. एकतीस वर्षांत माझ्या हातून एकही कपाट उघडलं गेलं नाही.

आणि आता मी स्वतः साहेब होऊन परक्या देशातल्या साठाव्या पायरीवर बसलो होतो, आणि माझं कपाट विगनमध्ये कुठंतरी बंद होतं.

खाली उतरल्यावर मी कॉलेजचं विचारणं सोडून दिलं. दोन दिवस हातमाग पाहिले, आणखी एक चर्च पाहिलं, कुणाचं तरी जन्मघर पाहिलं. सातव्या दिवशी टांगेवाल्याच्या घोड्याचा नाल निघाला, म्हणून यादीतल्या रस्त्याऐवजी तो आम्हाला जुन्या पेठेत घेऊन आला. तुमची बहीण रांजणाच्या दुकानात शिरली. मी घोड्याजवळ उभा. समोरून पंधरावीस प्रवाशांचा घोळका येत होता, आणि त्यांच्यापुढं उघडी छत्री उंच धरून, उलट्या पावलांनी चालत, खिडक्यांकडे हात करून आपली श्रावस्ती माहिती सांगत होती. गळ्यात कुठल्याशा सहल कंपनीचं ओळखपत्र. लोक हसत होते आणि तीही हसत होती. दहावीनंतर तिला असं हसताना मी पाहिलेलं नाही.

मी काय केलं असेल? पुढं गेलो? कान धरला? मी घोड्याच्या आड लपलो. (घोड्यानं शेपूट तोंडावर मारलं, तरी हललो नाही.) जिनं लपवलं ती उजळ माथ्यानं रस्त्यातून गेली आणि ज्याच्यापासून लपवलं तो घोड्यामागं. उरलेले तीन दिवस मी यादीतली एकूण एक जागा मुकाट पाहिली. निघताना तिनं विचारलं, आवडलं का? मी म्हणालो, बघण्यासारखं पुष्कळ आहे.

तुम्हाला आठवत असेल, बारावीनंतर तिला इतिहास घ्यायचा होता. डॉक्टरीच्या प्रवेशाचा फॉर्म मी भरला, सही तेवढी तिची घेतली. पण मला राग कॉलेज सुटल्याचा नाही हो. झोप याच्यावर उडाली आहे की माझ्या पोरीला मला पंच्याऐंशी पायऱ्या चढवणं सोपं वाटलं आणि एक वाक्य बोलणं अवघड. आमच्या साहेबांना आम्ही भ्यायचो, ते ठीक, ते कधी आमच्या ताटात जेवले नव्हते. मी तर तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं आहे. मी साहेब कधी झालो?

इकडं तर जीव नकोसा झालाय. किराणावाला महालिंगप्पा साखरेचा रिपोर्ट घेऊन ओट्यावर बसतो, डॉक्टरीणबाईंना पाठवा म्हणतो. तुमची बहीण पाठवते. पोरगी प्रत्येकाला एकच उत्तर देते, जवळच्या डॉक्टरांना दाखवा आणि चालत जा. त्यावर सगळे म्हणतात, किती निर्लोभी डॉक्टर आहे बघा. बुद्धविहारात येत्या पौर्णिमेला आम्हा दोघांचा सत्कार ठरला आहे. मी तब्येतीचं कारण सांगितलं, तर म्हणाले, घरात डॉक्टर असताना कसली तब्येत. मी आता घराबाहेर पडत नाही, पडलो तर महालिंगप्पाचं दुकान टाळून मागच्या बोळानं जातो.

बाकी सर्व क्षेम.

आपला,
प्रेमानंद

ता. क. १ : आता खरं काम. ती लहानपणापासून तुमच्याजवळ सगळं बोलते, म्हणजे हेही बोलली असणार. नाही म्हणू नका, जाण्याआधी मी तिच्या कॉलेजचा पत्ता मागितला तर तुम्ही मला तिथं पाऊस किती पडतो ते सांगत बसलात. तर तिला कळवा की तुझ्या बापानं काही पाहिलेलं नाही. त्याला चर्चं फार आवडली. बोलायचं तेव्हा बोल, घाई नाही. आणि दोन वेळा नीट जेवते का, ते आडून विचारा. तुमच्या बहिणीला मात्र यातलं काहीही कळता कामा नये, तिला सोसायचं नाही.

ता. क. २ : पाकीट शोधायला आत गेलो तेवढ्यात तुमच्या बहिणीनं हे सगळं वाचलं. वाचून डोळे पुसले नाहीत की काही नाही. म्हणाली, "मला दिवाळीपासून ठावं हाय. ती यादी मीच सांगितली तिला. तुमच्या साहेबांचे पोहे एकतीस वर्षं म्याच केले की. पहिल्या दिवशी चढ द्यावा, गुडघे गेले की माणूस इचारत न्हाय." मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तर म्हणाली, "दोघीबी भीत होतो." आणि चहा ठेवायला गेली. म्हणजे राजपालराव, तुम्हाला ठाऊक, तिला ठाऊक, पोरीला ठाऊक. या घरात तपासणीला आलेला मी एकटाच.

ता. क. ३ : वरची विनंती रद्द समजावी. चहा झाल्यावर तुमच्या बहिणीनं फोन लावला आणि न विचारता माझ्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्पीकर बंद ठेवला. मी मनात बरंच जुळवलं होतं, रागावणार नाही, कुणाला सांगणार नाही, असं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की तुझं कॉलेज बघायचं राहूनच गेलं गं. मग ती म्हणाली, "पप्पा, मलाबी बघून वरीस झालं."