कोरीट सेफ आहे

४ सप्टेंबर
आजपासून किडीचा अंदाज रोज लिहायचा. मिरचीची फुलं खाणारा तो परदेशी काळा थ्रिप्स, म्हणजे फुलकिडा, जिल्ह्यात शिरलाय. पुढे कुठे जाणार, हे कृषी ऑफिसवाल्यांना कळेल तेव्हा कळेल. मला दुकानात बसून कळतं. फवारणीचे पंप दुरुस्त करतो मी. ज्या गावाचे पंप जास्त येतात, तिथे कीड. सोपं आहे. अतिका म्हणाली, आधी आलेले पंप तरी दुरुस्त करा. बायकोला सायन्स कळत नाही.

७ सप्टेंबर, दुपार
जिल्ह्याचा नकाशा आणून दुकानात लावला. शहाद्याकडच्या गावांचे पंपच पंप. कोरीटहून एकही नाही. कोरीट सेफ! लगेच अनीसभाईंना फोन. बहीण रजियाचे मिस्टर. यंदा त्यांनी कोरीटला बटाईने शेत घेऊन मिरची लावलीय. भाची रिम्शाचं नर्सिंगचं शिक्षण त्या मिरचीवर आहे. निळे चिकट सापळे लावणार होते, फवारणीही करणार होते. म्हटलं, कशाला उगाच, मी आहे ना. ऐकलं त्यांनी. मानतात मला.

१५ सप्टेंबर
रजियाचा फोन. फुलांत बारीक काळं काहीतरी वळवळतंय म्हणे. सांगितलं, घाबरू नकोस, आपल्याकडचेच फुलकिडे ते. जेवण गेलं नाही. भाजीत मीठ जास्त झालं असणार.

१९ सप्टेंबर
कोरीटला गेलो. रिम्शाने पांढऱ्या कागदावर फूल झटकलं. काळे ठिपके चालायला लागले. झाडांखाली फुलांचा सडा. अनीसभाईंनी पाणी दिलं, बसायला दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.
शेजारच्या शेतातल्या वीरसिंगला विचारलं, कोरीटचे पंप बिघडतच नाहीत का? म्हणाला, "बिघडतस ना भाऊ. पन तुमनाकडे महिना महिना पडी ऱ्हातस. म्हनीसन आते गावमाच नीट करी लेतस."
पद्धत चूक नाही. माहिती अपुरी होती, एवढंच.

२४ सप्टेंबर
फवारणी झाली, उशिरा. रजिया म्हणते, रिम्शा यंदा घरीच राहील, भाईजान, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घेतलंच नाही. दुकान उघडलं नाही ते गुडघा दुखत होता म्हणून.

१ ऑक्टोबर
अनीसभाईंनी मिरची उपटायला घेतली. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय.
निदान वीरसिंगची मिरची वाचवायची, ती अजून धड आहे. बांधाला बांध लागून आहे, उपटलेल्या झाडांवरची कीड तिथेच जाणार. हे सांगायला पंप नको, नकाशा नको. धावत गेलो. हात जोडून म्हटलं, सापळे लाव, आजच्या आज फवार. वीरसिंग घाबरला. अंदाज कोणाचा, विचारलं. माझा, म्हटलं. त्याचा चेहरा एकदम खुलला. बायकोला हाक मारून म्हणाला, "आफताबभाई म्हनी ऱ्हायनात, कीड आपलाकडे येई. म्हंजे वाचनूत आपन!"
मग माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला.