मोन्रोव्हियाला फोन लागत नाही

शुक्रवार, ६ जून २००३

पकडला! माझ्या प्रोग्रामने पहिला चोर पकडला!

सकाळी ऑफिसात पोचले तर स्क्रीनवर लाल पट्टी – ‘लायबेरिया : बंद’. काल दुपारपासून त्या एका देशाला इंग्लंडातून फोनच फोन. एरवी दिवसाकाठी चार टाळकी बोलत असतील तिथे. आणि फोन तरी कसले! लावला, जेमतेम दोन वाक्यं बोलले, तुटला, पुन्हा लावला. तीच तीच कार्डं, पुन्हा पुन्हा. चोरीच्या फोनांची हुबेहूब लक्षणं. ईस्टरच्या सुटीत कुठल्याशा बेटावर असेच फुकटचे फोन करून कुणीतरी कंपनीला धुऊन काढलं होतं, तेव्हाच मला हा प्रोग्राम लिहायला बसवलं. असं काही दिसलं की कुणाला न विचारता त्या देशाचा रस्ता बंद. आपोआप!

गंमत म्हणजे दुकानात ही फोन कार्डं दहा रंगांची मिळतात, एकावर वाघ, एकावर विमान, एकावर कुठला तरी धबधबा. लोकांना वाटतं दहा कंपन्या आहेत. पण कार्ड खरवडून नंबर फिरवला की बहुतेक सगळे फोन आमच्याच मशीनमधून पुढे जातात.

संजयने सगळ्यांसमोर ‘वेल डन, आसावरी’ म्हटलं. संजय माझा बॉस, अस्सल पुणेरी. त्याच्या तोंडून कौतुक म्हणजे उंबराचं फूल. वर म्हणाला, ‘तुझ्या व्हिसाच्या एक्स्टेन्शनचं बोलतो मी एच. आर.शी, काळजी करू नकोस.’ घरी येताना हाउन्सलो ईस्ट स्टेशनला उतरून स्वतःला केक घेतला. लायबेरिया नकाशात नक्की कुठे आहे ते बघायचं राहिलंच.

शनिवार, ७ जून

मूसू आफ्रिकेची, एवढंच मला ठाऊक होतं. वर्ष होत आलं या घरात – खालच्या खोलीत ती, वर मी, स्वयंपाकघर एक. ती केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालते. मी तिला थालीपीठ खाऊ घातलंय, तिने मला तिचा लाल जाळ भात. मला ‘आसा’ म्हणते. पण देश कुठला? कधी विचारलंच नाही मी. मला कुणी ‘पाकिस्तानची का’ म्हटलं की अंगाचा तिळपापड होतो तो होतो!

सकाळी खाली आले तर टेबलावर कार्डांचा ढीग, आणि ही नाण्याने एकेक खरवडतेय.

‘आसा, तू टेलिफोनवाली ना? बघ जरा. एकही लागत नाही.’

‘कुठे लावतेस?’

‘घरी. मोन्रोव्हियाला.’

‘ते कुठे आलं?’

‘लायबेरिया.’

मी कप खाली ठेवला. मग ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिले. तिच्या देशात कित्येक वर्षं यादवी चालू आहे. आता बंडखोर थेट राजधानीच्या वेशीशी आलेत, शहराला वेढा पडतोय. तिची आई आणि नऊ वर्षांची तेने, तिची मुलगी, बुशरॉड बेटावर राहतात. बेट आणि मुख्य शहर यांच्यामध्ये पूल. बंडखोर बेटाच्याच बाजूने येतायत. घरात फोन नाही. शेजारच्या पेशन्सकडे मोबाइल आहे, त्यावर फोन केला की ती आईला हाक मारते.

बुधवारी मूसूने आईला बजावून ठेवलं – मी फोन केल्याशिवाय घर सोडायचं नाही. मी इथे रेडिओ ऐकते, केव्हा निघायचं, कुठल्या बाजूला, मी सांगते. मागच्या लढाईत ही माणसं घाबरून चुकीच्या बाजूला पळाली होती आणि तिचे वडील त्यात गेले. त्यामुळे म्हातारी आता मूसूच्या शब्दाशिवाय उंबरा ओलांडणार नाही.

म्हणजे माझे चोर हे! सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथे सुकं मुळात नव्हतंच. लढाई आली म्हणून लोक घरी फोन लावत होते, घाबरून दोन वाक्यं बोलत होते, तुटला की पुन्हा लावत होते.

सांगायला तोंड उघडलं मी. खरंच उघडलं. आणि बाहेर काय पडलं? – ‘तिकडचं नेटवर्क पडलं असेल.’

मूसू म्हणाली, ‘तू म्हणतेस म्हणजे तसंच असणार.’ स्वतःचा मोबाइल तिने हातात घेतला होता. त्यावरून थेट लावायचा तर टॉपअप बघता बघता संपतो, तरी लावणार होती. तो तिने खाली ठेवला. नेटवर्कच नाही तर कशाला, म्हणाली.

रविवार, ८ जून

माझा मोबाइल कंपनीचा. त्यावरून जगात कुठेही थेट फोन लागतो, आमच्या मशीनचा काही संबंध नाही. हे मला काल सकाळीच माहीत होतं. कप खाली ठेवला तेव्हाच माहीत होतं. पण तिला दिला आणि लागला तर? ‘नेटवर्क पडलंय म्हणालीस की’ – मग काय सांगू? चोराच्या मनात चांदणं. मोबाइल पर्समध्ये, पर्स कपाटात.

मूसू चर्चहून आली. बंडखोर बेटापर्यंत पोचलेत म्हणे, बाजाराजवळ गोळीबार ऐकू येतोय. जिन्याखाली उभी राहून तिने विचारलं, ‘आसा, नेटवर्क आलं का गं?’

मी वरूनच म्हटलं, ‘अजून नाही.’

काल निदान तोंडातून निसटलं होतं. आज जाणूनबुजून!

सोमवार, ९ जून

संजयला म्हटलं, लायबेरिया उघडूया, तिथे लढाई चालू आहे, हे फोन खरे आहेत.

‘अगं, खरे असतील. पण तिकडचे रेट्स बघितलेस का? एका रात्रीत चढलेत. प्रत्येक कॉलला आपण लॉसमध्ये जाणार. ब्लॉक झालाय ते बरंच झालं की.’

‘संजय, माणसं अडकली आहेत तिथे.’

‘मग आपण काय रेड क्रॉस आहोत का? हे बघ, तुझं एक्स्टेन्शन आत्ताच एच. आर.कडे गेलंय. या आठवड्यात जरा शांत राहा. मी तुझ्या भल्याचंच सांगतोय.’

वाईट माणूस नाही तो. विमानतळावर मला घ्यायला आला होता पहिल्या दिवशी, घरचा डबा घेऊन. म्हणूनच मला भांडता येईना. की हेही कारणच? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जागेवर येऊन बसले, दुसऱ्या देशांचं काम केलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात अडलेले फोन दिसत होते, लावतायत, अडतायत, लावतायत. मी ती खिडकी बंद करून टाकली.

संध्याकाळी टीव्हीवर हेलिकॉप्टरं. मोन्रोव्हियातल्या परदेशी लोकांना उचलून नेतायत. मूसू टीव्हीच्या अगदी पुढ्यात जमिनीवर बसली होती. समुद्र दिसला की पुढे वाकायची. पूल काही दाखवला नाही.

मंगळवार, १० जून

आईचा पुण्याहून फोन आला.

‘काय गं, शनिवारी फोन नाही, रविवारी नाही! बरी आहेस ना?’

‘कामात होते गं.’

‘असू दे. पण तू करणार म्हटलं की मी दुसरीकडे कुठे जात नाही. काल सुप्रभाकडे हळदीकुंकू होतं, तीसुद्धा हाक मारून मारून दमली. म्हटलं, नेमकी मी गेले आणि तुझा आला तर?’

आई आणखी पुष्कळ बोलली, वरदाच्या लग्नाचं, नळाच्या पाण्याचं. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. फोन ठेवला आणि तसाच खाली नेऊन मूसूच्या हातात दिला. ‘यावरून लाव. थेट.’

लागला. पहिल्याच झटक्यात! तिकडे पेशन्सने उचलला. मूसू उभ्या उभ्या ओरडली, मग फोन कानाशी घट्ट धरून ऐकू लागली. दोघी इंग्रजीतच बोलत होत्या, तिकडचा आवाज मोठा होता, मलाही निम्मं ऐकू येत होतं.

पेशन्स बेटावर नव्हतीच. रविवारी तिने पूल ओलांडला, शहराच्या बाजूला बहिणीकडे आली. मूसूच्या आईला चल म्हणून विनवलं, पण म्हातारी म्हणाली, माझ्या मुलीचा फोन यायचाय. मोबाइल तिच्यापाशी ठेवावा तर पेशन्सचा नवरा जोसेफ अमेरिकेतून रोज त्यावर फोन करतो, तो काळजीने मरेल.

मूसूने विचारलं, ‘रोज करतो? म्हणजे तुझा फोन चालू होता?’

‘चालू होता म्हणजे? एक दिवस बंद नव्हता!’

मूसूने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं मग. सगळं. प्रोग्राम, लाल पट्टी, केकसुद्धा. कशासाठी केकचं सांगितलं कोण जाणे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

‘शनिवारी तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘आणि रविवारी?’

‘हो.’

फोन अजून चालूच होता. पलीकडून पेशन्स म्हणत होती, रडू नकोस मूसू, मी उद्या सकाळी जाते. आज जरा शांत आहे. पूल ओलांडते, तुझ्या आईच्या कानाला फोन लावते, दोघींना घेऊनच येते.

माझा जीव भांड्यात पडला. मनात म्हटलं, सुटले!

बुधवार, ११ जून

संजय मीटिंगला गेला तेवढ्यात लायबेरिया उघडला. पुन्हा आपोआप बंद होऊ नये म्हणून प्रोग्राममधून वगळूनही टाकला. परत आल्यावर मीच सांगितलं त्याला. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. ‘आसावरी, आता मी तुला वाचवू शकत नाही.’ म्हटलं, नको वाचवू. शूर होऊन नाही म्हटलं. शनिवारी हेच केलं असतं तर शूर म्हणता आलं असतं. शुक्रवारी एच. आर.ने बोलावलंय.

मोबाइल मूसूकडेच आहे. पेशन्सला लावतेय, वाजतोय, उचलत नाही कुणी. रस्त्यात असतील.

मूसूने तिचं मीठ, तेल, भांडी सगळं स्वतःच्या खोलीत नेलंय. मी ‘चहा ठेवू?’ विचारलं. ती माझ्या बाजूने भिंतीला वळसा घातल्यासारखी निघून गेली.

गुरुवार, १२ जून

वाजतो. कुणी उचलत नाही.

शुक्रवार, १३ जून

नोकरी गेली. व्हिसाही जाईल. मला वाटलं होतं रडू येईल, पण बसमध्ये मनात आलं ते भलतंच – चला, माझंही काहीतरी गेलं, आता हिशेब थोडा तरी चुकता झाला असेल. किती कोडगी आहे मी! तिकडे एक नऊ वर्षांची पोर आहे आणि मी सौदे करतेय.

मूसू कामावर गेली नाही. तिच्या खोलीच्या दाराबाहेर भाताचं ताट ठेवलं. संध्याकाळी तसंच होतं.

शनिवार, १४ जून

तेनेने फोन उचलला! ती आणि आजी दोघी शहराच्या बाजूला आहेत, एका चर्चच्या शाळेत. सुखरूप! मूसू किंचाळत बाहेर आली आणि माझ्या गळ्यात पडली. माझ्याच! मोबाइल बुधवारपासून त्या पोरीच्याच खिशात होता. दुसऱ्याचा फोन, त्यात आईचं नाव दिसत नाही, कसा उचलायचा म्हणून उचलत नव्हती; आज आजीने उचलायला लावला.

पूल चढताना पेशन्सने तो तिच्या हातात दिला. ‘धर, तुझी आई करेल.’ पुलावरच पेशन्सला गोळी लागली, तिथेच गेली ती. आजीने तेनेला ओढत पुढे नेलं, मागे बघू दिलं नाही.

पेशन्स रविवारीच सुटली होती. त्या पहिल्या शुक्रवारी फोन लागला असता तर तिघी मिळूनच निघाल्या असत्या. मूसूने मला माफ केलंय. तसं म्हणाली ती.

जोसेफ अमेरिकेतून अजून रोज फोन करतोय. मूसू आत्ता दाराआड तेनेला समजावतेय – त्याचं नाव दिसलं तर उचलू नकोस. वाजू दे.