सागरची सोललेली बोटं

मंगळवार, दिवेलागणीला

पदवीनंतर सरकारी कामाचा अनुभव मिळावा म्हणून जी फेलोशिप मिळाली, तिच्यातलं पहिलं काम आज कामगार कार्यालयातल्या साहेबांनी दिलं. चाकणला एका कंपनीच्या गेटवर ठेकेदाराने पाळलेल्या पोरांनी एका कंत्राटी कामगाराला तुडवलं, त्याला दवाखान्यात भेटून यायचं. त्याचा जबडा तारेने बांधलाय. कसं मारलं विचारलं, तर बोलता येईना, म्हणून त्याने मूठ वळली आणि स्वतःच्याच तोंडावर आपटून दाखवली. पुन्हा पुन्हा. नर्सने हात धरला तेव्हा थांबला.

घरी आले तर धाकटा भाऊ सागर जेवायला बसलेला. तो त्याच ठेकेदाराकडे बाउन्सर आहे. उजव्या हाताची बोटं सोललेली, भाकरी मोडता येईना.

"ताई, लय आग होतीय. हळद लाव की."

लावली. का लावली मी? लावता लावता तीच बोटं करकचून आवळली, तो किंचाळेपर्यंत.

"सोड, ताई! तुझी फेलोशिप लागली तवा आख्ख्या गावात पेढं मीच वाटलं ना!"

आईने मला भिंतीवर ढकललं. माझ्या नखांत हळद आहे आणि त्याचं रक्त.

उद्या साहेब त्या माणसाचा जबाब घ्यायला जाणार, सोबत मी. त्याला बोलता येत नाही.

मला येतं.