मनोऱ्याखालचा बाक

मीरा रोड (पूर्व),
ता. ९ नोव्हेंबर २०२४

ती. मंदाताईस,
सुभाषचा सा. न. वि. वि.

फोनवर मी एक बोलतो आणि तुझ्या कानांना दुसरंच ऐकू जातं, म्हणून सविस्तर लिहितोय. क्वालालंपूरहून परवा सुखरूप पोचलो. चि. स्वप्नील आणि सौ. समिधाने हट्टाने नेलं. हल्ली पोरांना पगार झाला की आईबापांना विमानात कोंबायची साथच आलीय.

तिथे एक मनोरा आहे, त्याचं भारी कौतुक. ज्या शहरात खाली फुकट हिंडता येतं, तेच शहर मुंगीएवढं करून बघायला तिकीट काढायचं! आधी रांग, मग बॅगांची तपासणी. त्यात वासंतीच्या चकल्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. खाली खेळण्यांचं दुकान, त्यात मनोऱ्याच्या आकाराच्या पेन्सिली, कप आणि मिठाच्या बरण्यासुद्धा. कॉफी म्हणजे कढत पाणी. बाक लोखंडी आणि एसी असा की बूड गारठलं. वरून काय दिसतं म्हणशील, तर नुसती छपरं. लोक तिकडे पाठ करून स्वतःचेच फोटो काढत असतात. एवढ्यासाठी समुद्र ओलांडायचा? आपली चेण्याची टेकडी काय वाईट आहे? माझा वरचा एक फोटो सोबत पाठवतोय, ठेव.

इथे वेगळाच तमाशा चाललाय. आमची इमारत पाडून टॉवर बांधायचा आहे आणि आम्हाला एकोणिसावा मजला! बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या, मी सही अडवून धरलीय. एवढ्या उंचावर कबुतरांनी राहावं. लिफ्ट बंद पडली, पाणी चढलं नाही की रडतील एकेक. मी तर मीटिंगमध्ये सगळे मुद्दे मांडणार आहे.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सुभाष

*

गुहागर,
ता. १८ नोव्हेंबर २०२४

चि. सुभाष यास,
मंदाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं, एखादं पान टपालातच राहिलं. रांग आहे, चकल्या आहेत, मिठाच्या बरण्या आहेत, तुझं बूड गारठल्याचंही वर्णन आहे. मनोऱ्याच्या माथ्याबद्दल मात्र एकच शब्द, छपरं. तो तर मीही इथे ओसरीवर बसून लिहिला असता.

आणि फोटो! पायाखाली ढग आणि तू हसतोयस. बाबा रे, तुला मी लहानपणापासून ओळखते. सगळी पोरं विहिरीत डोकावायला धावायची, तेव्हा तू लांब उभा राहून पाणी घाणेरडं आहे म्हणायचास. तू खरंच वर गेला होतास का, एवढं एका ओळीत कळव. मुद्दे नकोत.

आपले अण्णा जन्मभर सापाला भ्यायले. पोफळीच्या बागेत राहून भ्यायले. पण साप फालतू असतो, असं कधी म्हणाले नाहीत. ओरडायचे आणि पळायचे. त्यात काही कमीपणा नव्हता.

काजूगर वेगळे पाठवतेय, ते तरी नावं न ठेवता खा. आशीर्वाद आहेतच, मजला कुठलाही असो.

तुझी,
मंदाताई

*

मीरा रोड (पूर्व),
ता. २७ नोव्हेंबर २०२४

ती. वन्संस,
वासंतीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून यांनी वर्तमानपत्रांच्या रद्दीत खुपसलं. उत्तर काही जाणार नाही, म्हणून मीच लिहितेय. हे वर गेले नाहीत.

लिफ्टचं दार उघडलं आणि यांना तिचे स्क्रू ढिले दिसायला लागले. दारावरच्या गार्डला हिंदीत सुनावलं की ही सगळी लूट आहे. त्या बिचाऱ्याला हिंदी कळेना, तो हसून मान हलवायला लागला, तर त्याच्यावर आणखी चिडले. मग जे बाकावर बसले ते आम्ही परत येईपर्यंत. खाली हिरव्या पडद्यापुढे उभं करून फोटो काढतात आणि मागे आभाळ नंतर चिकटवतात. आम्ही वर असताना यांनी तो काढून घेतला. छपरांचंही तसंच. उतरल्यावर यांनी विचारलं, काय होतं वर? मी रागात होते, छपरं म्हणाले. तेवढंच तुम्हाला लिहिलं.

मी मात्र गेले, वन्सं. वर काचेची जमीन आहे. समिधा काठावरच थबकली, मी मध्यापर्यंत गेले. पायाखाली केवढं तरी शहर, मध्ये एक नदी, आणि वारा नसतानाही अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं. मला रडू फुटलं. समिधाला वाटलं, आई घाबरल्या. घाबरले नव्हते, संतापले होते. जत्रेतला आकाशपाळणा, रायगडचा रोपवे, एवढंच काय, घोडबंदरच्या किल्ल्याचा बुरूज, दरवेळी यांनी नाक मुरडलं आणि दरवेळी मला वाटलं, आपलीच आवड हलकी, यांना जास्त कळतं. कळत काही नव्हतं, पाय लटपटत होते. भीती वाटते म्हणाले असते तर मी हात धरून खाली बसले असते. पण माझ्या हौसेला हसून आपली भीती झाकायची, हे मला नाही सोसत.

आता तेच घराच्या बाबतीत. खालच्या मजल्यावरच्या काशीनाथ भालेरावांच्या स्वयंपाकघरातला स्लॅब गेल्या महिन्यात कोसळला. त्यांची सून पंचशीला नुकतीच ओट्यापासून बाजूला झाली होती, म्हणून वाचली. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय बिल्डर पुढे सरकत नाही आणि हे कबुतरांवर भाषण देतात. मी माझी सही करून टाकली. रविवारी मीटिंग आहे.

तुमच्या भावाची चुगली तुमच्याचकडे करतेय, कारण मन मोकळं करायला दुसरं माहेर आता उरलेलं नाही. राग धरू नका.

आपली,
वासंती

*

मीरा रोड (पूर्व),
ता. १६ डिसेंबर २०२४

ती. मंदाताईस,
सुभाषचा सा. न. वि. वि.

तुझ्या भावजयीने तुला काय काय कळवलं ते तिनेच मला सांगितलं. वर तोऱ्यात!

मीटिंगचं ऐक. मी लिफ्टचा मुद्दा संपवून पाण्याच्या मुद्द्यावर येतोय, तोच ही उठली. सगळ्यांसमोर म्हणाली की यांचे मुद्दे मनावर घेऊ नका, यांना उंचीची भीती वाटते, इतकंच. आधी कोणी हसलं नाही. मग मागून एकाला फिसकन हसू आलं आणि अख्खी सोसायटी फुटली. सेक्रेटरी चंदनभाई हिंदीत म्हणाले की सुभाषभाई, पहलेही बोल देते, दुसरा माला दे देंगे, पार्किंगच्या आवाजामुळे तो दुसरा मजला कोणालाच नकोय. मी हो म्हणणार, तर ही पुन्हा उभी. म्हणाली, यांना दुसरा द्या, मी एकोणिसाव्यावर राहीन. ताई, हसू एका क्षणात थांबलं. ती थट्टा करत नव्हती, हे मला तिच्या आवाजावरूनच कळलं. काशीनाथ तेवढे माझ्याकडे बघत होते, आणि त्यांची नजर मला पेलवली नाही.

दोन आठवडे आम्ही एकमेकांशी भाजी आणि गॅस सोडून बोललो नाही. काल बिल्डरने सगळ्यांना काशीगावजवळ त्याच्याच एका टॉवरमध्ये सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेलं. घरी बसलो असतो तर आणखी हसले असते, म्हणून गेलो. लॉबीत नकली झाडं आणि पाहुण्यांना कोमट सरबत, सगळा दिखाऊ कारभार. लिफ्टच्या दाराशी मी बूट सैल झाल्याचं निमित्त काढलं. हिने चारचौघांत माझा हात धरला आणि आत ओढलं. इतक्या वर्षांत लोकांसमोर तिने असं कधी केलं नव्हतं.

वर गॅलरीत मी भिंतीला पाठ टेकून, डोळे घट्ट मिटून उभा राहिलो. पायांचं काय चाललं होतं ते लिहीत नाही. ती कठड्याशी गेली आणि तिथूनच सांगायला लागली. खाडी दिसतेय, मिठागरं दिसतायत, पलीकडे एक होडी उभी आहे, खाली कुणाच्या तरी गच्चीवर लाल रजई वाळत घातलीय. मग गप्प झाली. मी काहीतरी कुजकं बोलेन, म्हणून थांबली असावी.

मी म्हटलं, पुढे सांग.

तुझ्या मायेवरच आमचं चाललंय, ती असू दे.

तुझा,
सुभाष

ता. क. — सही खाली आल्यावर केली, एकोणिसाव्या मजल्यासाठीच. चंदनभाईंचं पेन अगदीच टाकाऊ, नाव दोनदा गिरवावं लागलं.