तुझ्या फोटोपुढची टकीला

प्रिय दादा,

आज लिहायला बसले, कारण दुपारी तुझ्या लेकीने, मीराने, तुझ्या फोटोपुढे टकीलाचा पेला ठेवला. इथे जपानात गेलेल्या माणसापुढे त्याची आवडती दारू ठेवतात, ठाऊक आहे मला. पण तुला? जिने तुझं लिव्हर खाल्लं, तिचाच नैवेद्य?

बाटलीही तुझीच! ओसाकातल्या तुझ्या त्या बारने काल आम्हाला बोलावून घेतलं. नेहमीच्या गिऱ्हाइकाची बाटली नाव लावून फळीवर जपायची इथली रीत. मालकाने ती कमरेत वाकून, दोन्ही हातांनी मीराला दिली. बाटलीच्या गळ्यात तुझ्या नावाचा बिल्ला, त्यावर तू काढलेली भली मोठी मेक्सिकन टोपी. डोकंच फिरलं माझं.

काय पण गाणी आणलीस रे मेक्सिकोच्या पोस्टिंगवरून! ती सोडून गेली, ओत अजून एक. मागे ट्रम्पेट, आणि मधेच ती "आय-याय-याय!" आरोळी. जाणारीला कुणी एकदा तरी विचारलं का, बाई गं, का गेलीस? तिच्या वाट्याला एक कडवं नाही. टाळ्या सगळ्या त्या रडक्याला. आणि आमचा पुण्याचा इंजिनियर छातीवर हात ठेवून तेच गाणार!

गाण्यात आधी बाई जाते, मग बाटली येते. तुझ्या घरी उलटं झालं. आधी बाटली आली. तू दारात कोसळलास की युको वहिनी तुझे बूट काढायची. रिकाम्या बाटल्यांची पारदर्शक पिशवी शेजाऱ्यांदेखत, मान खाली घालून कचऱ्याच्या जागी न्यायची. मग ती सोडून गेली. मीराला हे कधी सांगितलंस? नाही. तिला गाणी शिकवलीस!

पोर हट्टाने तुझ्यापाशी राहिली. आता माझ्याकडे आहे, आणि आजपर्यंत आईचा फोन उचलत नव्हती.

"आत्या, आई गेली म्हणून बाबा प्यायला लागले," ती पेला ठेवताना म्हणाली. "गाण्यात पण तसंच असतं."

मग मी तिला सगळं सांगितलं. "उसो!" ती जपानीत ओरडली. खोटं!

"खोटं नाही गं. आईला विचार."

मग म्हणाली, "मग बाबांनी मला असं का सांगितलं?"

"भित्रा होता म्हणून," मी म्हटलं. आणि माझा फार लाडका होता, हे सांगताना मला रडू आलं. तुझ्यासाठी तेवढं रडणंही जास्तच झालं.

तिने पेला उचलला, स्वयंपाकघरात नेला. नळाचा आवाज आला. थोड्या वेळाने तिने आईला फोन लावला, स्वतःहून.

तर दादा, ऐक. ही बाटली धुऊन, झाकण वेगळं करून, बाटल्यांचा कचरा नेतात त्या दिवशी मी खाली नेईन. मान ताठ ठेवून नेईन. रविवारी वहिनी जेवायला येतेय. तुझा फोटो मी हलवणार नाही, आणि त्याच्यापुढे चहाच ठेवीन. एकदा तरी शुद्धीत बस तिच्यासमोर.

तुझ्यावर अजून चिडलेली,
नंदू