न मोडणारा झिओलाइट

३ मार्च
मोडला नाही. पुन्हा लिहितो, कारण लिहायला बरं वाटतं: मोडला नाही.

झिओलाइट म्हणजे आत सगळीकडे बारीक भोकं असलेला स्फटिक. असला पोकळ पदार्थ तेलात बुडवून दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबला की भोकं मिटतात, आतली रचना कोसळते, स्फटिकाची काच होते. मग एक्स-रेच्या चित्रातल्या रेघा जातात. पुस्तकांत असंच दिलंय. माझ्या चित्रात रेघा जशाच्या तशा. दुप्पट दाबलं तरी तशाच. आता पुस्तकं बदलावी लागतील.

महिनाअखेरीस निवड समिती येतेय. दारावर ‘उच्च दाब प्रयोगशाळा, प्रभारी प्रमुख’ अशी पाटी आहे. त्यातला ‘प्रभारी’ सहा वर्षं डोळ्यांत खुपतोय.

संकल्प: राग आवरायचा. चहात साखर बंद.

५ मार्च
माझी सहायक (मी तिला मुंगी म्हणतो, मनात, कधीकधी तोंडावर) नाक खुपसायला आली. म्हणे, पावडर कोरडी होती का? पावडरीची बाटली आठवडाभर माझ्या टेबलावर उघडी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला बरी पडते. मुंगीचं म्हणणं, झिओलाइट हवेतलं पाणी पितो. भोकांत पाणी बसलं की तेच आतून टेकू देतं, म्हणून तो कोसळत नाही. रात्रभर तापवून, सुकवून पुन्हा दाबू या.

मी शांतपणे सांगितलं की डॉक्टरेट मिळाली म्हणून अक्कल येत नाही. अगदी शांतपणे. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात, पण तिथल्या लोकांना कामधंदा नाही.

राग आवरला. साखर दोन चमचे. ताण आहे.

९ मार्च
शोधनिबंधातून मुंगीचं नाव काढलं. वाईट वाटलं, दहाएक मिनिटं. दाब वाढवायचे स्क्रू सगळे तिनेच फिरवले हे खरं, पण स्क्रू काय, कोणीही फिरवतं. आई आजारी म्हणून सुट्टी मागत होती, तीही नाकारली. समिती तोंडावर आलेली असताना आजारी पडायचं म्हणजे काय?

संचालकांच्या कानावर घातलं की पोरगी कष्टाळू आहे, डोकं मात्र बेताचं. ते ‘हं’ म्हणाले. त्यांचं ‘हं’ म्हणजे होकार.

घरी बायकोला शोध समजावून सांगितला. ती दातांची डॉक्टर. पोकळ म्हटलं की तिला दाढच दिसते. सगळं ऐकून विचारलं काय, तर त्या मुलीची आई कशी आहे. यापुढे घरी विज्ञान बोलणार नाही.

१७ मार्च
झकास कल्पना सुचली. नुसत्या स्लाइड काय दाखवायच्या? समितीसमोर प्रत्यक्ष दाबूनच दाखवतो.

मुंगीचा चेहरा पडला. म्हणाली, सर, आधी एकदा करून तर पाहू. झालं, अद्दल घडवायची संधी आयतीच मिळाली. सगळ्या स्टाफसमोर कान उपटले: लेबलं वाकडी, टेबलावर पसारा, कामात हयगय. प्रात्यक्षिकाची तयारी तिने नियमपुस्तिकेप्रमाणे करायची, शब्दाला शब्द. पुस्तिका मीच लिहिलीय. एक पायरी गाळली तर बदली स्टोअरमध्ये.

तिने विचारलं, ‘सर, अगदी सगळ्या पायऱ्या?’

मी म्हटलं, मराठी कळत नाही का. नंतर केबिनमध्ये येऊन पुन्हा तेच विचारून गेली. माणसाने किती मंद असावं?

२६ मार्च
भाषण आरशासमोर तीनदा. कौतुक झालं की मान कितपत खाली घालायची तेही ठरवलं. पाटीवरचा ‘प्रभारी’ खरवडून निघेल का ते नखाने पाहिलं. निघतो. ‘प्र’ निघालाच.

२९ मार्च, दुपारी
समिती जेवायला गेलीय. मला भूक नाही.

पहिलं चित्र सुंदर आलं. ठरल्याप्रमाणे मान खाली घातली. दाब वाढवला, तर रेघा फिकट. म्हटलं, मशीन तापलंय. आणखी वाढवला. रेघा गेल्या. उरला नुसता एक पसरट उंचवटा. काच झाली, तीसुद्धा मागच्या वेळच्या निम्म्या दाबाला.

मी वेळ न घालवता सांगितलं की सहायकाने पावडर बिघडवली. समितीतल्या म्हाताऱ्याने तिला विचारलं, काय वेगळं केलंत?

‘पुस्तिकेतली पहिली पायरी,’ ती म्हणाली. ‘रात्रभर तापवून सुकवली आणि झाकण लावलं. सरांनी सगळ्या पायऱ्या करायला सांगितल्या होत्या.’

म्हातारा माझ्याकडे वळला. मग आधीच्या वेळी ही पायरी? मी म्हटलं, तो प्रश्न आज विषयपत्रिकेवर नाही.

जेवण झालं की माझ्या टेबलावरची उघडी बाटलीही दाबून बघणार आहेत. म्हणजे माझाच शोध पुन्हा तपासणार. अजून काही बिघडलेलं नाही.

२९ मार्च, संध्याकाळी
उघड्या बाटलीतला मोडला नाही. म्हणजे मी बरोबर होतो.

समितीतल्या तिघांनीही मुंगीचं तोंड भरून कौतुक केलं. मी बाजूलाच उभा होतो.

६ एप्रिल
प्रमुखपद मुंगीला. प्रभारी नाही, कायम.

नीट विचार केला तर हे पद म्हणजे कारकुनी. मला मोठ्या कामासाठी मोकळं ठेवलेलं दिसतंय. कोणत्या, ते संचालकांना विचारलं. ‘हं’ म्हणाले.

९ एप्रिल
तिचा पहिला दिवस. आज सूड उगवणार याची खात्री होती. मला स्टोअरमध्ये टाकणार, सगळ्यांसमोर पाणउतारा करणार. मी तिच्या जागी असतो तर केलाच असता. दोन पानांचं उत्तर पाठ करून गेलो.

तिने दारातच गाठलं. ‘सर, खिडकीजवळचं टेबल तुमचंच राहू द्या. कामाची घाई नाही, बरं वाटेल तसं बघा.’

दोन पानं फुकट गेली. दिवसभर टेबलाशी बसून होतो. कोणी काही विचारायला आलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, अजून टरकते मला. माझ्याशी बोलताना नजर वर करत नाही.

बायको ताट वाढत होती. म्हणाली, ‘अहो, दुपारी तिचा फोन होता. डबा तसाच ठेवलात म्हणाली. विचारत होती, घरी तरी नीट जेवतात ना?’

जेवलो. ताट संपेपर्यंत ही समोर बसून होती.