सुजेचं औषध

आई, उद्या माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढणार आहेत, म्हणून तुला लिहायला बसलो. लातूर जिल्हा नवा होता तेव्हाची गोष्ट. कलेक्टर कचेरीत मी नुकताच कारकून लागलो होतो. पावसाचा पत्ता नव्हता, आणि तो पडावा म्हणून तू श्रावणातले सोमवार पाण्याचा थेंबही न घेता धरत होतीस. तुझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं सोमवारी आलं. नर्स एकटीच होती, तिनं दोन बाटल्या माझ्या हातात दिल्या. एकीतलं औषध डोळ्याची बाहुली मोठी करायचं, दुसरीतलं सुजेचं. दोन्ही अर्ध्या अर्ध्या तासानं चार वेळा घाला म्हणाली. पहिलीचं तुला काही वाटलं नाही. दुसरीचा थेंब पडला आणि तू गळा धरलास. "घशात कडू उतरायलंय रे. उपास मोडला का माझा?" मी हसलो. तू हसली नाहीस. मला वाटलं, चीरफाड अजून झालीच नाही, तर सूज कुठली? ती बाटली मी खिशात टाकली. "चालंल का?" तू विचारलंस. "तू शिकलेला हाईस, तूच सांग." चालतंय, म्हणालो.

डॉक्टर बाहेर आले ते कपाळ पुसत. बाहुली मध्येच आकसली, भिंग काढताना आत इजा झाली, म्हणाले. हत्यार लागलं की बाहुली मिटायला बघते; तिला उघडी धरायला सुजेचं औषध आधीच घालतात, हे मला तेव्हा कळलं. "चारही वेळा घातलं होतं ना?" मी हो म्हणालो. मग एखाद्याचा डोळाच तसा असतो, असं तेच म्हणाले. मी मान हलवली.

त्या डोळ्यानं तुला पुढं माणसाची नुसती सावली दिसायची. शेजारच्या बायांना तू ओट्यावर सांगायचीस, "डागदरचा काय दोष? माझा डोळाच तसला निघाला." मी आत जेवत असायचो. भिंतीपलीकडून शब्द न् शब्द ऐकू यायचा, आणि ताटावरून उठता यायचं नाही. खरं सांगितलं तर तू उपासालाच दोष देशील, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. तू गेलीस तोवर तीच पुरली.

आज तपासताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाचं ऑपरेशन बिघडलं होतं का? मी चष्मा पुसत बसलो. सूनबाई म्हणाली, "मामा, सांगा की." मग मी सांगितलं, आईचं बिघडलं होतं. तिचा डोळाच तसा होता.